तुळई-स्तंभ सांध्यातील सळईची पकड

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात प्रामुख्याने दगडमातीची घरे कोसळली. त्यामुळे शेजारच्या बीड जिल्ह्यात काँक्रीटची चौकट म्हणजेच सुरक्षितता, असा समज होणे स्वाभाविक होय. परंतु २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेतील काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या.

एरवी आधारापाशी तुळईची वरची सळई ताणाखाली, तर खालची दाबाखाली असते; म्हणून खालची सळई स्तंभात जेमतेम टेकवली जाते. भूकंपात मात्र ताणाची दिशा क्षणोक्षणी उलटते व हीच सळई उपसून निघू शकते. आय.एस. ४५६:२००० नुसार एम-२० काँक्रीटमध्ये एफई-४१५ प्रतीच्या पिळाच्या सळईला व्यासाच्या सुमारे ४७ पट, म्हणजे १६ मिमी सळईला ७५२ मिमी पकडलांबी लागते. आय.एस. १३९२० बाह्य सांध्यात तीत व्यासाच्या १० पट भर घालते. काटकोनी वळणाची ८ पट सूट वजा जाता ७८४ मिमी उरतात. ३०० मिमी रुंद स्तंभात एवढी सळई सरळ मावणे अशक्यच! म्हणून वरची सळई खाली व खालची वर, सांध्याच्या गाभ्यात वळवावी लागते. गाभ्याला बांधून ठेवणाऱ्या रिंगा तेथे सलग हव्यात. दाटीमुळे बांधणे जिकिरीचे म्हणून नेमक्या त्याच वगळल्या जातात.