परसातील वाफ्याला खत मुठीने नव्हे, मापाने

शेतात खत टाकताना आपण पोती मोजतो. एकरी किती, कधी, हे चार जणांना विचारून घेतो. पण त्याच पोत्यातला उरलेला युरिया घरामागच्या परसात जातो, तेव्हा मोजमाप राहत नाही. वांग्याला एक मूठ, मेथीला दोन मुठी. "उरलाय थोडा, वाया कशाला घालवायचा?" हा विचार.

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. नोकरीला लागलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी घरामागे मेथी केली होती. मी शेतीचा पदवीधर! सकाळी पानांवर दव असतानाच दोन मुठी युरिया फेकला आणि कामावर गेलो. तिसऱ्या दिवशी निम्मा वाफा करपला. "लोकांनाही असंच सांगता का?" एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी परसातही तराजू वापरतो.

असे का झाले? युरियात ४६ टक्के नत्र असते. ओल्या पानावर दाणा चिकटला की पान भाजते. मुळाशी खत एकवटले तर मातीतले पाणी मुळांना ओढता येत नाही आणि ओल असूनही रोप सुकते. उघड्या मातीवर पडून राहिलेल्या युरियातले बरेचसे नत्र वायू होऊन उडून जाते, ते निराळेच.

आता हिशेब पाहू. बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश लागते. आपला वाफा १० फूट लांब व ४ फूट रुंद धरला, तर त्याला पुढीलप्रमाणे खत पुरते.

चांगले कुजलेले शेणखत : ८ किलो
युरिया : ८० ग्रॅम
सिंगल सुपर फॉस्फेट : ११५ ग्रॅम
म्युरेट ऑफ पोटॅश : ३० ग्रॅम

शेणखत, सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया लागवडीच्या वेळी मातीत मिसळावा. उरलेला ४० ग्रॅम युरिया महिन्याने द्यावा. पाने कोरडी असताना, खोडापासून चार बोटे दूर, गोल आळ्यात टाकावा, मातीने झाकावा व लगेच हलके पाणी द्यावे. माती परीक्षण केले असेल, तर त्याप्रमाणे मात्रा कमी-जास्त करावी.

आता मुख्य गोष्ट. परसाला लागूनच बहुधा आपली विहीर किंवा बोअर असते. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते. त्याला रंग नाही, चव नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. यापेक्षा जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळे पडू शकते. म्हणून घरात तान्हे बाळ असेल, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जरूर तपासून घ्यावा. उकिरडाही विहिरीपासून लांबच ठेवावा.

भगिनींनो, परस बहुधा तुमच्याच हाती असते. म्हणून एक काम करा. वाण्याच्या दुकानात कागदावर ४० ग्रॅम युरिया तोलून घ्या, घरी एका जुन्या डबीत ओता आणि जिथवर भरला तिथे खूण करा. ती डबी खतासाठीच ठेवा, पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. पुढच्या वेळी खत मुठीने न घालता त्या खुणेने घाला. भाजी तर जोमदार येईलच, शिवाय विहिरीचे पाणीही राखले जाईल.