पुढच्या मिलिसेकंदाचा मानकरी

एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये मी एक फोर-जी टॉवर उभा केला. एक मोबाईल त्याच्या पायथ्याशी ठेवला, एक पार हद्दीवर, बाकीचे अधेमधे. मग ब्लॉकची वाटणी ठरवणाऱ्या शेड्युलरची नोंद उघडून ओळ न् ओळ वाचत बसले. पट्टा २० मेगाहर्ट्‌झचा असेल तर वाटायला १०० रिसोर्स ब्लॉक असतात, प्रत्येकी १८० किलोहर्ट्‌झचे. कुठला ब्लॉक कुणाला, हा निर्णय दर मिलिसेकंदाला नव्याने होतो.

आपला सिग्नल कसा आहे हे प्रत्येक मोबाईल ० ते १५ अशा आकड्यात टॉवरला कळवतो. १५ कळवणाऱ्याला तेवढ्याच ब्लॉकमध्ये १ कळवणाऱ्याच्या सुमारे ३६ पट डेटा देता येतो. सगळा पेच इथेच आहे. कायम उत्तम सिग्नलवाला निवडला, तर टॉवरचा एकूण वेग झकास दिसतो आणि हद्दीवरचा उपाशी राहतो. आळीपाळीने वाटलं, तर नेमका सिग्नल पडलेला असताना एखाद्याची पाळी येते आणि ब्लॉक जवळजवळ वाया जातो.

क्वालकॉमच्या अभियंत्यांनी २००० साली सीडीएमए डेटासेवेसाठी मांडलेली 'प्रपोर्शनल फेअर' पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते. आत्ता मिळू शकणारा वेग भागिले आजवर मिळालेला सरासरी वेग. ज्याचा भागाकार मोठा, त्याला ब्लॉक. प्रत्येकाला मोजायचं ते त्याच्याच सरासरीने. हद्दीवरच्याचा सिग्नल दुबळाच, पण त्याच्या मानाने बरा क्षण आला की तो पायथ्याच्या मोबाईलच्याही पुढे जातो. सिग्नलचा चढउतार बंद करून पाहिला, तर वेळेची वाटणी आळीपाळीसारखीच होऊ लागली. ताशी ३ किलोमीटर वेगाने पायी चालणाऱ्याच्या सिग्नलचा चढउतार परत चालू केला, तेव्हा कुठे दोन पद्धतींतला फरक दिसला. या पद्धतीची सगळी कमाई त्या चढउतारावर आहे.

तिला घड्याळ मात्र कळत नाही. बोलणं चालू असताना आवाजाचं छोटं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघतं आणि मानकाप्रमाणे ते १०० मिलिसेकंदांत पोचायला हवं. उशिरा आलेला आवाज टाकूनच द्यावा लागतो. म्हणून काही शेड्युलर त्या भागाकाराला रांगेतलं सर्वांत जुनं पॅकेट किती वेळ ताटकळलं आहे, त्याने गुणतात.

ब्लॉकची रुंदी, सिग्नलचं कोष्टक, पॅकेटच्या मुदती, हे सारं थ्रीजीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात आहे. वाटणीचं सूत्र तेवढं उपकरण बनवणाऱ्यांवर सोडलं आहे आणि ते सहसा उघड होत नाही. भागाकाराच्या छेदातल्या सरासरीवरचा घातांक मी कोडमध्ये वाढवला, तेव्हा हद्दीवरच्याला जास्त ब्लॉक मिळाले आणि टॉवरचा एकूण वेग उतरला. खऱ्या टॉवरवर हा घातांक किती ठेवला आहे, हे हद्दीवर राहणाऱ्या ग्राहकाला विचारता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तरही मिळालं पाहिजे.