मोबाईल स्टार्टरच्या पोटात : लेखांक ५ – लाइट आल्यावर मॉडेमला काय आठवते?

शेतपंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये कामाची वाटणी दोघांत असते. मायक्रोकंट्रोलर फेज तपासतो, रिले ओढतो आणि मोटर चालू-बंद करतो. सिमकार्ड, एसएमएस, कॉल आणि नेटवर्क हे सारे मॉडेमकडे. दोघांमध्ये जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन तारा असतात. त्यांवरून साध्या अक्षरांतल्या कमांड आणि त्यांची उत्तरे ये-जा करतात.

जयसिंगपूरच्या आसपास, शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात, थ्री फेज लाइट पाळीने मिळते; कधी दिवसा, कधी रात्री. स्टार्टरच्या पेटीत बॅटरी नसेल तर लाइट जाताच मॉडेम बंद पडतो आणि लाइट आली की पहिल्यापासून सुरू होतो. त्या वेळी पेटीजवळ कोणी नसते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेत सुरुवातीच्या काळात स्टार्टरला चक्क मोबाईल हँडसेट जोडला जाई. त्याचे सेटिंग बटणे दाबून करता येई. बोर्डावर बसवलेल्या मॉडेमला ना बटणे, ना पडदा. त्याला जे सांगायचे ते कमांडनेच, आणि लाइट गेल्यावरही जे टिकायला हवे ते आधीच साठवून.

या कमांडच्या दोन पिढ्या आहेत. पहिली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासूनची. प्रत्येक कमांडची सुरुवात ‘एटी’ने होते, एटी म्हणजे ‘अटेन्शन’, ‘इकडे लक्ष दे’. दुसरी पिढी जीएसएम या मोबाईल तंत्राबरोबर आली. एसएमएस आणि नेटवर्कच्या या कमांडमध्ये ‘एटी’नंतर अधिकचे चिन्ह असते. साठवणुकीतले बरेच घोळ या दोन पिढ्यांच्या सांध्यावर होतात.

मॉडेममध्ये सेटिंग तीन जागी असते. चालू सेटिंग तात्पुरत्या मेमरीत असते आणि लाइट गेली की पुसले जाते. साठवलेले सेटिंग फ्लॅश मेमरीत राहते. तिसरे कारखान्याचे मूळ सेटिंग. ‘एटी&एफ’ मूळ सेटिंग परत आणते, ‘एटी&डब्ल्यू’ चालू सेटिंग फ्लॅशमध्ये लिहिते, ‘एटीझेड’ साठवलेले पुन्हा चालू करते आणि ‘एटी&व्ही’ सध्याचे सेटिंग दाखवते. नव्या मॉडेमची मांडणी याच क्रमाने करतात : आधी मूळ सेटिंग, मग हवे ते बदल, मग साठवण, आणि शेवटी पाहणी.

साठवायच्या गोष्टींत पहिली बोलण्याच्या वेगाची. सिम८०० जातीच्या मॉड्यूलमध्ये मूळ सेटिंगनुसार समोरच्याचा वेग मॉडेम स्वतः ओळखतो. पण पहिली ‘एटी’ येईपर्यंत तो गप्प असतो; आपण सुरू झाल्याचेही कळवत नाही. ‘एटी+आयपीआर=९६००’ देऊन वेग पक्का केला की सुरू होताच तो ‘आरडीवाय’ म्हणजे ‘तयार’ असा निरोप स्वतः धाडतो. दुसरी गोष्ट ‘एटीई०’ची. ती दिली नाही तर मॉडेम प्रत्येक कमांड जशीच्या तशी परत पाठवतो (हाच ‘इको’) आणि मायक्रोकंट्रोलरला आपलेच बोलणे उत्तरासारखे ऐकू येते. तिसरी ‘एटीएस०’ची. तिची किंमत शून्य असेल तर कॉल उचलला जात नाही. मिस्ड कॉलवर चालणाऱ्या स्टार्टरला हेच हवे. कॉल लागल्यावर आकडे दाबून चालणाऱ्या स्टार्टरमध्ये एक ठेवतात, म्हणजे पहिल्याच रिंगला कॉल उचलला जातो.

एसएमएसच्या कमांडचे मात्र वेगळे. संदेश वाचता येईल अशा मजकुरात मागणारी ‘एटी+सीएमजीएफ=१’ आणि नवा संदेश आल्यावर काय करायचे ते ठरवणारी ‘एटी+सीएनएमआय’ या दोन्ही ‘एटी&डब्ल्यू’ने साठतीलच असे नाही. एसएमएस सेटिंगसाठी ‘एटी+सीएसएएस’ ही निराळी साठवण-कमांड आहे, पण तिच्या कक्षेत नेमके काय येते तेही मॉड्यूलगणिक बदलते. म्हणून या कमांड मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये लिहून प्रत्येक सुरुवातीला पाठवणे हाच भरवशाचा मार्ग. एक कमांड, तिचे ‘ओके’, मग पुढची. उत्तर आले नाही तर थोडे थांबून पुन्हा तीच.

यानंतर ‘एटी+सीआरईजी?’ने नेटवर्क मिळाले का ते विचारतात. उत्तरातला दुसरा आकडा एक असेल तर आपले नेटवर्क, पाच असेल तर रोमिंग. शिरोळ तालुका कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे पलीकडचा टॉवर पकडला जाऊन पाच येणे शक्य असते. प्रोग्रॅम फक्त एकाची वाट पाहत राहिला, तर नेटवर्क असूनही स्टार्टर अडून बसतो.

पेटी बंद असताना पाठवलेले एसएमएस मोबाईल कंपनीच्या केंद्रात थांबून राहतात आणि नेटवर्क मिळताच एकामागून एक येतात. त्यात दुपारी पाठवलेले ‘मोटर चालू’ मध्यरात्रीही येऊ शकते. म्हणून संदेशावरची वेळ तपासून शिळा आदेश टाकून द्यावा लागतो. काही संदेश ‘एटी+सीएनएमआय’ पोचण्याआधीच येऊन सिममध्ये जमा होतात. जाहिरातींनी सिमची जागा भरली की नवा संदेश येतच नाही. सुरुवातीला पाठवायच्या कमांडच्या यादीतच साठलेले संदेश वाचून पुसण्याची कमांड असणे त्यामुळे गरजेचे.

दोन चुका नेहमीच्या. पहिली, प्रत्येक सुरुवातीला ‘एटी&डब्ल्यू’ देण्याची. फ्लॅशमध्ये लिहिण्याच्या खेपा मोजक्या असतात. म्हणून आधी सेटिंग विचारावे आणि फरक असेल तरच लिहावे. दुसरी, वीजपुरवठ्याची. सिम८०० ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि संदेश सोडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो. पुरवठा कमजोर असेल तर व्होल्टेज बसते आणि मॉडेम मध्येच पुन्हा सुरू होतो. मायक्रोकंट्रोलर मात्र चालूच असतो, आणि न साठवलेली सेटिंगे गेल्याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून ‘आरडीवाय’ कधीही आले तरी यादी पहिल्यापासून पाठवावी.

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी वाढू लागले की काठावरच्या मोटरी आणि पेट्या वर आणाव्या लागतात; २०१९ च्या महापुरात तर अख्खा तालुकाच पाण्याने वेढला होता. भिजून गेलेल्या मॉडेमच्या जागी नवा बसवला, तर त्यात कारखान्याचेच सेटिंग असते. साठवणुकीवर विसंबलेला स्टार्टर तिथे मुका राहतो. वेग, इको, कॉल आणि एसएमएस अशी पूर्ण यादी मायक्रोकंट्रोलरमध्येही असेल, तर नवा मॉडेम पहिल्याच लाइटीला कामाला लागतो.