मालेचा पहिला भाग : ‘हॅरी पॉटर आणि परीस’

एकट्या पुस्तकाचा निर्णय देणे सोपे असते; मालेच्या पहिल्या भागाचे तसे नाही. तो मुलांना आवडला की पुढचे सहा मागोमाग घरात येणार आणि वर्ष-दोन वर्षे पंगतीलाही तोच विषय चालणार. म्हणून श्रीमती जे. के. रोलिंग यांच्या मालेचा हा पहिला भाग वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः वाचावा, असे आम्हांस वाटते. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ साली निघाले, सातवे २००७ साली. मराठी भाषांतर झालेले असल्याने भाषेची सबब कोणास सांगता यावयाची नाही.

आईबाप गमावलेला हॅरी मावशीच्या घरी जिन्याखालच्या अडगळीत वाढतो. अकराव्या वाढदिवशी त्यास कळते की आपण जादूगारांच्या कुळातले. मग तो त्यांच्या निवासी शाळेत दाखल होतो.

मंत्रतंत्राच्या गोष्टींनी मुलांची मने बिघडतील, ही शंका आमच्या वयाच्या मंडळींत वारंवार निघते. ती आम्हांस मान्य नाही. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात पुत्रक आकाशगामी पादुका घालून उडतो आणि दंडाने रेघा ओढून पाटलिपुत्र नगर उभारतो. ते वाचून कोणाचा मुलगा वाया गेल्याचे ऐकिवात नाही. पाहावयाचे ते एवढेच की, अद्भुतास काही शिस्त आहे किंवा नाही. येथे ती आहे. पीस हवेत उचलण्याचा मंत्र रॉनला साधत नाही, तेव्हा हर्मायनी त्याची चूक दाखविते ती उच्चाराची : एक अक्षर दीर्घ म्हणावयास हवे. ‘इंद्रशत्रु’ शब्दातील स्वरदोषाने त्वष्ट्याचा यज्ञ त्याच्यावरच कसा उलटला, ही कथा संस्कृत शिकलेल्यास येथे आठवल्यावाचून राहणार नाही.

दुसरा गुण स्थळाचा. परीकथेतील राज्य सात समुद्रांपलीकडे असते. हे लंडन शहराच्या पोटातच दडलेले आहे. किंग्ज क्रॉस स्थानकावर नऊ आणि दहा या फलाटांमधल्या कठड्यातून आरपार गेले की पावणेदहा क्रमांकाचा फलाट लागतो. (इंग्रजीस तीन-चार शब्द लागतात ते आपल्या एका शब्दात भागते.) वर्धा स्थानकावर गाडीची वाट पाहणारा मुलगाही मग फलाटावरील खांबांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागेल.

शीर्षकातील ‘परीस’ मात्र अपुरा पडतो. कथेतील दगड धातूचे सोने करतो, तसाच अमृतही देतो. आपल्या रसशास्त्राच्या भाषेत लोहसिद्धी आणि देहसिद्धी दोन्ही. मराठी शब्दात पहिलीच ऐकू येते, आणि खलपुरुषास हवी असते दुसरी.

शाळेत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास मुख्याध्यापक डंबलडोर यांचे एक कृत्य मुळीच पटले नाही. वर्षअखेरीस स्लिदरिन गट ४७२ गुणांनी पहिला आलेला आहे, सभागृह त्याच्या रंगांनी सजले आहे; हॅरीचा ग्रिफिंडर गट ३१२ गुणांनी अगदी शेवटी. अशा वेळी भर मेजवानीत तीन मुलांना मिळून १६० गुण बहाल होतात! पराक्रम खरा असेल, पण ही गुणदानाची रीत नव्हे. जिंकलो म्हणून बसलेल्या त्या इतर मुलांनी काय करावे? बरोबरी मोडते ती मात्र नेव्हिल या भित्र्या मुलास मिळालेल्या १० गुणांनी, आणि ते मिळतात तो स्वतःच्याच मित्रांना अडविण्यास उभा राहिला म्हणून. संबंध पुस्तकात याहून न्याय्य गुण कोणास मिळालेले नाहीत. या प्रसंगावर घरातील लहानथोरांनी खुशाल वाद घालावा.

कथा या भागापुरती पुरी होते. दगड नष्ट होतो. शत्रू उरतो खरा, तथापि वाचक अधांतरी लोंबकळत नाही, आणि मालेतील पहिल्या भागाकडून आम्ही मुख्यतः हीच अपेक्षा करतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींस तो निःशंक द्यावा. चौथ्या भागापासून मृत्यूची छाया गडद होत जाते, सबब सातही एकदम आणण्याची घाई नको. आणि शेवटच्या प्रकरणाच्या आरंभी फेट्याखालचा दुसरा चेहरा प्रकट होतो, तेवढा भाग धाकट्या भावंडांस रात्री वाचून दाखवू नये, दिवसा दाखवावा.