निळ्या रेषेवरचे वाद : नियम, मोजमाप आणि अफवा

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तेथे चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास ७.६ सेंमी. आणि जाडी २.५ सेंमी. असते. पायांत स्केट घातलेले खेळाडू ही चकती काठीने ढकलत बर्फावरून धावतात. या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे १९१७ साली स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग.

तिचे प्रेक्षक तीन विषयांवर हमखास भांडतात. ऑफसाइडचा नियम योग्य आहे का? चित्रफीत पाहून दिलेला निर्णय बरोबर होता का? आणि अमुक खेळाडू संघ बदलणार ही बातमी खरी आहे का? विज्ञानाच्या शिक्षकाने या भांडणात का पडावे, असे आपल्याला वाटेल. पण हे तीन प्रश्न तीन वेगळ्या जातींचे आहेत. पहिला व्याख्येचा, दुसरा मोजमापाचा आणि तिसरा अंदाजाचा. तिन्हींची उत्तरे शोधण्याच्या रीती निराळ्या आहेत. एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाची रीत लावली की वाद मिटत नाही. वर्गातले अनेक वाद याच कारणाने अडतात.

नियम कशासाठी?

बर्फाचे मैदान सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. त्यावर आडव्या काढलेल्या दोन निळ्या रेषा मैदानाचे तीन भाग करतात. प्रत्येक रेषा ३० सेंमी. रुंद असते. नियमाचा गाभा असा : चकती निळी रेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या भागात शिरण्याआधी चढाई करणाऱ्या संघाच्या कोणत्याही खेळाडूने तेथे शिरता कामा नये. खेळाडूची जागा त्याच्या स्केटवरून ठरते. काठी किंवा हात पुढे गेला तरी चालतो. चकती रेषा पूर्णपणे ओलांडते त्या क्षणी खेळाडूचे दोन्ही पाय रेषेच्या पूर्ण पलीकडे असतील, तर तो ऑफसाइड.

हा नियम आला कोठून? सुरुवातीच्या काळात चकती पुढच्या दिशेने देण्यावर बरीच बंधने होती, त्यामुळे गोल फार कमी होत. १९२८-२९ च्या हंगामात मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. प्रेक्षक कंटाळतील म्हणून पुढच्या हंगामात ही बंधने सैल केली. लगेच उलटा परिणाम झाला. खेळाडू आधीच गोलाजवळ जाऊन उभे राहू लागले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा हंगाम चालू असतानाच, डिसेंबर १९२९ मध्ये, चकतीच्या आधी शिरण्यास बंदी करण्यात आली.

आपल्या परिचयाच्या मैदानी हॉकीत याच्या उलट घडले. तेथे ऑफसाइडचा नियम १९९६ साली प्रयोग म्हणून काढून टाकला आणि १९९८ पासून तो कायमचा गेला. म्हणजे ऑफसाइड हा गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गनियम नव्हे. तो एका हेतूसाठी केलेला करार आहे. म्हणून ‘हा नियम खरा की खोटा?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘हा नियम आपला हेतू साधतो का?’ असे विचारावे.

डोळा कोठे फसतो?

१८ फेब्रुवारी २०१३ रोजी कोलोरॅडो आणि नॅशव्हिल या संघांच्या सामन्यात कोलोरॅडोच्या मॅट डुशेन याने गोल केला. तो चकतीच्या कितीतरी आधी निळ्या रेषेच्या आत शिरला होता, तरीही गोल मान्य झाला. दूरचित्रवाणीवर ही चूक सर्वांना दिसत होती. पंचांना ती दुरुस्त करण्याची सोय मात्र नियमांत नव्हती. पुढे २०१५-१६ च्या हंगामापासून प्रशिक्षकाला अशा गोलाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळाला. त्याबाबतची चर्चा निघाली की डुशेनच्या या गोलाचे उदाहरण आजही दिले जाते.

एवढी चूक विरळाच. पण लहान चुका होण्याला सबळ कारणे आहेत. रेषापंचाला दोन गोष्टी एकाच क्षणी पाहाव्या लागतात : चकती आणि स्केट. त्यांच्यामध्ये कित्येक मीटरचे अंतर असू शकते. शिवाय तो नेमका रेषेच्या टोकाशी नसेल तर त्याची दृष्टी तिरपी पडते. फुटबॉलमधल्या अशाच चुकांचा अभ्यास आम्स्टरडॅममधील संशोधकांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बाजूचा पंच बचावपटूच्या रेषेत नसून थोडा पुढे उभा असेल, तर ठरावीक प्रकारच्या चुका होणारच, असे त्यांनी दाखवले. अशा चुका पक्षपातातून होत नाहीत. त्या भूमितीतून येतात. मोजपट्टी तिरपी पाहिली की वाचन चुकते, हे आपण प्रयोगशाळेत मुलांना सांगतो. तोच हा पराशय.

कॅमेरा कोठे फसतो?

मग कॅमेऱ्याने प्रश्न सुटला का? थोडे गणित करू. कॅमेरा सलग चित्र घेत नाही. तो ठरावीक काळाने एकेक स्थिर चित्र घेतो. समजा तो दर सेकंदाला ६० चित्रे घेतो. वेगवान खेळाडू सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी. वेगाने जात आहे. दोन चित्रांमधल्या काळात तो १० ÷ ६० = ०.१७ मीटर, म्हणजे सुमारे १७ सेंमी. पुढे जाईल. चित्रे सेकंदाला ३० असतील तर हे अंतर ३३ सेंमी. होईल. निळी रेषा मात्र ३० सेंमी. रुंदीची आहे! एका चित्रात खेळाडू रेषेच्या अलीकडे आणि पुढच्याच चित्रात पलीकडे, असे होऊ शकते.

एका चित्रात चकतीने रेषा पूर्ण ओलांडलेली नाही, पुढच्यात ओलांडली आहे. ज्या क्षणी ओलांडली तो क्षण कोणत्याच चित्रात नाही. दोन्ही चित्रांवरून मधली स्थिती काढता येते, पण त्यासाठी वेग एकसारखा होता असे गृहीत धरावे लागते. हळू गतीने चित्रफीत दाखवल्याने नवी माहिती मिळत नाही. तीच चित्रे जास्त वेळ दिसतात.

कॅमेऱ्यालाही पराशयाचा त्रास आहेच. समजा कॅमेरा बर्फापासून ८ मीटर उंच आणि निळ्या रेषेच्या सरळीपासून ३ मीटर बाजूला आहे. खेळाडूचा स्केट बर्फावरून १० सेंमी. उचललेला आहे. समरूप त्रिकोण मांडले तर स्केट आपल्या खऱ्या जागेपासून १० × ३ ÷ ७.९, म्हणजे सुमारे ४ सेंमी. सरकलेला दिसेल. कॅमेरा नेमका रेषेच्या सरळीत बसवला तर ही चूक शून्य होते. निळ्या रेषेसाठी खास कॅमेरे बसवण्याचे कारण हेच.

चांगल्या आणि जलद कॅमेऱ्याने शंकेचा पट्टा अरुंद होतो, पण तो नाहीसा होत नाही. आम्ही प्रयोगशाळेत लांबी मोजतो तेव्हा आकड्यापुढे ‘अधिक-उणे’ लिहितो, ते याचसाठी. तो आमच्या कामातला दोष नसून मोजमापाचाच एक भाग आहे.

शंकेचा फायदा कोणाला?

शंकेचा पट्टा उरणारच असेल, तर त्यात सापडलेल्या गोलाचे काय करायचे? याचे उत्तर कॅमेरा देऊ शकत नाही. ते नियमानेच द्यायला हवे. लीगने ते असे दिले आहे : चित्रफितीत निर्णायक पुरावा नसेल तर मैदानावर दिलेला निर्णय कायम. आपल्या वाचकांना क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ ठाऊक असेल. चेंडूच्या मार्गाचा अंदाज काठावरचा असेल तर पंचाचा मूळ निर्णय राहतो. तत्त्व तेच.

तरीही एक अडचण उभी राहिली. डुशेनच्या गोलासारख्या ढोबळ चुका पकडण्यासाठी आणलेली सोय सेंटिमीटर मोजण्यासाठी वापरली जाऊ लागली. मागचा पाय रेषेच्या वरच आहे, पण बर्फाला टेकलेला नाही, असे दिसले की गोल रद्द होई. खेळाडूला त्याचा काही लाभ झालेला असो वा नसो. लीगने दोन उपाय केले. २०१७-१८ पासून ऑफसाइडची दाद फेटाळली गेली तर त्या संघाला दोन मिनिटांची शिक्षा होऊ लागली. म्हणजे त्याचा एक खेळाडू तेवढा वेळ बाहेर बसतो. त्यामुळे नुसत्या आशेवर दाद मागणे महाग पडू लागले. आणि २०२०-२१ पासून रेषेवर एक उभे काल्पनिक प्रतल मानण्यात आले. पाय उचललेला असला तरी तो या प्रतलात असेल तर खेळाडू ऑफसाइड नाही. नियम करणाऱ्यांनी जे मोजणे अवघड आणि खेळाच्या दृष्टीने निरर्थक होते, ते मोजायचेच सोडून दिले.

कधी कधी मात्र चित्र स्वच्छ असूनही वाद होतो. ३१ मे २०२२ रोजी कोलोरॅडो विरुद्ध एडमंटन सामन्यात केल मकार याने चकती निळ्या रेषेपलीकडे ढकलली. तेव्हा त्याचा सहकारी व्हालेरी निचुश्किन आतच होता. निचुश्किन परत फिरून रेषेला टेकेपर्यंत मकारने चकतीला पुन्हा काठी लावली नाही. मग तिला स्पर्श करून त्याने गोल केला. एडमंटनने दाद मागितली. गोल कायम राहिला आणि एडमंटनला शिक्षा झाली. येथे कोण कोठे होते याबद्दल मतभेद नव्हता. प्रश्न होता तो असा, की चकती ढकलून दिलेला खेळाडू तिला स्पर्श करत नसला तरी ती त्याच्या ‘ताब्यात’ मानायची का? हा व्याख्येचा प्रश्न आहे. आणखी दहा कॅमेरे लावले असते तरी तो सुटला नसता.

अफवेचे वजन

आता तिसरा वाद. या लीगमध्ये दोन संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. करारात तशी अट नसेल तर खेळाडूची संमतीही लागत नाही. त्यामुळे ‘अमुक जाणार’ अशा बातम्या सतत उठतात. डुशेनचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. त्याच्या जाण्याची चर्चा महिनोन्‌महिने चालली होती. अखेर ५ नोव्हेंबर २०१७ रोजी सामना चालू असतानाच त्याला बर्फावरून बोलावून घेण्यात आले. कोलोरॅडो, ओटावा आणि नॅशव्हिल या तीन संघांत व्यवहार ठरून तो ओटावाला गेला होता.

मग आधीपासून ‘तो जाणार’ म्हणणारे बरोबर ठरले का? ज्या भाकितात तारीख नाही, संघ नाही, ते चुकणार तरी कधी? जे चुकूच शकत नाही त्या विधानाला विज्ञानात फारशी किंमत नसते. दुसरी गोष्ट गणिताची. केवळ उदाहरणादाखल समजा, एका बातमीदाराने हंगामात १०० खेळाडूंची नावे घेतली आणि त्यांपैकी १० जणांनी संघ बदलला. तो म्हणेल, ‘माझ्या दहा बातम्या खऱ्या ठरल्या.’ उरलेल्या नव्वदांची आठवण कोणी ठेवत नाही. तिसरी गोष्ट साक्षीदारांची. दहा ठिकाणी छापलेली बातमी एकाच ठिकाणाहून उचललेली असेल, तर पुरावे दहा होत नाहीत; पुरावा एकच राहतो. अफवेचे वजन करताना एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ.

वर्गात करून पाहा

जमिनीवर खडूने एक रेषा काढा. एका विद्यार्थ्याने चेंडू आणि दुसऱ्याने खेळण्यातली गाडी वेगवेगळ्या गतीने रेषेकडे सोडावी. पाहणाऱ्यांचे तीन गट करा : एक रेषेच्या टोकाशी, एक तिच्या एक मीटर पुढे आणि एक तेवढाच मागे. रेषा आधी कोणी ओलांडली, हे प्रत्येकाने एकमेकांना न विचारता लिहायचे. असे वीस वेळा करून तिन्ही गटांच्या उत्तरांची तुलना करा. त्याच वेळी मोबाइलने चित्रफीत घ्या आणि एकेक चित्र थांबवून पाहा. चेंडूचा वेग मोजून दोन चित्रांमध्ये तो किती सरकतो ते काढा. किती वेळा चित्रफितीवरूनही निश्चित सांगता आले नाही, याची वेगळी नोंद ठेवा.

त्या शेवटच्या नोंदीकडे विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधावे. ‘सांगता येत नाही’ हेही मोजमापातून आलेले उत्तरच आहे, हे त्यांना पटले पाहिजे. मग अशा वेळी निर्णय कसा द्यावा याचा नियम वर्गानेच चर्चा करून ठरवावा, आणि तो खेळ सुरू होण्याआधी ठरवावा.