छोट्या व्यवसायाचे संकेतस्थळ: विश्वास कसा संपादन कराल?

जुन्नर २०१८ मध्ये राज्यातील पहिला विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट येथे येणाऱ्या आणि आंबेगावमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या पर्यटकांसाठी या परिसरात कृषी पर्यटन केंद्रे व घरगुती निवासव्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला त्यांची पहिली ओळख अनेकदा संकेतस्थळावरूनच होते आणि जागा न पाहताच आगाऊ रक्कम भरावी लागते.

येथेच शंका निर्माण होते. यात्रेकरू व पर्यटकांना बनावट संकेतस्थळांद्वारे फसवले जात असल्याचा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. सुक्याबरोबर ओलेही जळते, या न्यायाने त्याची झळ प्रामाणिक व्यावसायिकांनाही बसते. त्यावर उपाय एकच: ग्राहकाला पडताळून पाहता येईल अशी माहिती आधीच द्यावी.

ओळख स्पष्ट हवी
मालकाचे नाव, गाव, पूर्ण पत्ता, नकाशा व उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच पानावर असावा. ऑनलाइन विक्री करणाऱ्या आस्थापनेने नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील देणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी बंधनकारक केले आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झाली असल्यास ते प्रमाणपत्रही दाखवावे.

छायाचित्रे आपलीच हवीत
श्रावणातील हिरवा नाणेघाट पाहून एप्रिलमध्ये आलेला पाहुणा उघडे डोंगर पाहून नाराज होतो. म्हणून छायाचित्राखाली महिना लिहावा. खोली, स्नानगृह व स्वयंपाकघर आहे तसे दाखवावे. उणिवाही सांगाव्यात. लेण्याद्रीला सुमारे ३०० पायऱ्या चढाव्या लागतात किंवा आपल्याकडे मोबाइलला रेंज मिळत नाही, हे आधी कळले तर वृद्धांना घेऊन येणारे कुटुंब त्याप्रमाणे तयारीने येते.

पैशांचा व्यवहार
दर, जेवणाचा समावेश, आगाऊ रक्कम आणि बेत रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम स्पष्ट लिहावी. यूपीआयने पैसे पाठवताना दिसणारे खातेदाराचे नाव व्यवसायाच्या नावापेक्षा वेगळे असेल, तर त्याचा खुलासा आधीच करावा. नाव वेगळे दिसताच ग्राहक थबकतो.

तांत्रिक बाजू
सुरक्षित जोडणी नसलेल्या संकेतस्थळावर क्रोम २०१८ पासून ‘असुरक्षित’ असा शिक्का दाखवते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्यही मिळते. मात्र ते भामट्यांनाही मिळते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून चालणार नाही. संकेतस्थळावर गेल्या वर्षीचे दर तसेच राहिले असतील, तर व्यवसाय बंद पडला असावा असा समज होतो. माहिती वरचेवर अद्ययावत करावी.

थोडक्यात, संकेतस्थळावर जे वाचले तेच प्रत्यक्षात मिळाले, तर तोच पाहुणा पुढच्या वर्षी आणखी चार कुटुंबे घेऊन येईल.