खाऱ्या शेतात भात पिकतो तो कसा?

पनवेलहून बोलतोय. हेडफोन लावलेत ना? मग आज थोडं खाडीकडे जाऊया.

गेल्या उधाणाला माझ्या मामाच्या शेताचा बांध फुटला. एका रात्रीत भरतीचं पाणी आत. मी गेलो तेव्हा मामा बांधावर बसून होता. म्हणाला, "तू मोबाईलवर सायन्स सांगतोस ना? मग सांग, या मातीत आता भात होईल का? नाहीतर विकून टाकतो." मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग.

आधी बघू, मीठ भाताला करतं काय. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मातीतल्या पाण्यात लिटरमागे दोनेक ग्रॅम झालं तरी भाताचं उत्पन्न घटायला लागतं. मार दोन बाजूंनी बसतो. एक, माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. दोन, मिठातलं सोडियम मुळातून पानात चढतं आणि पानं शेंड्याकडून करपतात. रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात हा त्रास सगळ्यात जास्त.

पण काही भात हे सोसतात. आपल्याकडचे काळा राता, भुरा राता हे त्यातलेच. केरळचा पोक्काली, बंगालचा नोना बोक्रा हेही तसेच. हे कुठल्या लॅबमध्ये तयार झाले नाहीत. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखलं, म्हणून ते टिकले.

ते सोसतात कसे, याचा मोठा उलगडा २००५ मध्ये झाला. शांघायच्या संशोधकांनी नोना बोक्रातला एक जीन शोधला. तो मुळात चाळणीसारखं काम करतो. वर निघालेल्या पाण्यातून सोडियम काढून घेतो, पानापर्यंत जाऊ देत नाही.

आता ताजी गोष्ट. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जीनोम एडिटिंगने केलेले दोन भात जाहीर केले. त्यातला 'पुसा डीएसटी राईस १' दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा. एमटीयू १०१० या जुन्या वाणातला डीएसटी नावाचा जीन त्यांनी बंद केला. त्यामुळे पानावरची छिद्रं कमी होतात, पाणी कमी उडतं, आणि झाड दुष्काळ व मीठ जास्त सोसतं, असा दावा आहे. मात्र चाचण्यांच्या आकड्यांवर नंतर प्रश्नही उठलेत. त्यामुळे लगेच नाचू नका.

आणि गंमत म्हणजे यासाठी आपल्याला दिल्लीच गाठायला हवी असं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आपल्या पनवेलमध्येच आहे. 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' हे खारं सोसणारे भात तिथलेच. आपण रोज स्टेशनला येतो-जातो, पण गावाच्या नावाचा भात आहे हे किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं.

मग मामाला काय सांगितलं? पहिलं, बांध बांध. कुठलंही बी दर भरतीला आत येणारा समुद्र सोसत नाही. दुसरं, कोकणातला पाऊस हेच आपलं सगळ्यात मोठं औषध. पावसाचं गोडं पाणी शेतात साठू द्यायचं, मीठ त्यात विरघळू द्यायचं, आणि ओहोटीला उघाडीतून ते खाडीत सोडायचं. असं पुन्हा पुन्हा. तिसरं, माती तपासून मगच खारं सोसणारं बी घ्यायचं आणि रोपं जरा मोठी झाल्यावर लावायची.

मामा म्हणाला, "म्हणजे बी तुमचं, पण बांध आमचाच."

बरोबर आहे त्याचं. आणि बांध एकट्याचा नसतो. शेजारच्याचा फुटला की आपलंही शेत खारं होतं. मामाने अजून शेत विकलेलं नाही. या पावसाळ्यात बघू म्हणतोय.

तुमच्या घरी, आजोळी रात्याचं बी कोणी राखलंय का? असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!